पिशाच्च चालेल, सासू पटत नाही

मालिकेचा शेवटचा भाग नुकताच वाचून संपवलेल्या माणसाच्या वाटेला दोन दिवस जाऊ नये. चेहरा सुतकी असतो, जेवणात लक्ष नसतं, हाक मारली तर अंगावर येतो. कुणी गेलं असावं, म्हणून सांत्वनाला जावं, तर कळतं की कुणीच गेलं नाही याचंच दुःख आहे.

आमच्या पुतणीची ‘ट्वायलाइट’ मालिका परवा संपली. स्टेफनी मायर या अमेरिकन बाईंनी २००५ साली ती सुरू केली. बेला नावाची शाळकरी मुलगी, १९१८ सालापासून सतरा वर्षांचाच असलेला एडवर्ड नावाचा व्हँपायर, आणि मधेच लांडगा होणारा जेकब, असा हा मामला. वर्षाला एक याप्रमाणे तीन भाग आले आणि २ ऑगस्ट २००८ रोजी ‘ब्रेकिंग डॉन’ हा चौथा. अमेरिकेत पहिल्याच दिवशी तेरा लाख प्रती खपल्या. पाठोपाठ चिडलेल्या काही वाचकांनी पुस्तक दुकानात परत करण्याची मोहीम काढली. कल्याणकरांना या संतापाचं नवल वाटेल. आपला जुना पत्रीपूल २०१८च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा २०२१च्या जानेवारीत सुरू झाला. पण एवढी वाट पाहूनही पूल परत करा असं कुणी म्हटलं नाही. पुलावर चढलो आणि पुढच्या कोंडीत मुकाट्यानं उभे राहिलो.

पुतणी मात्र नव्या पिढीची. रविवारी सकाळी तिनं साडेसातशे पानांचा तो ठोकळा टेबलावर आपटला आणि आरोपपत्र वाचायला घेतलं. पंच म्हणून मेथी निवडत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती आणि जपमाळ ओढत बसलेल्या मातोश्री.

पहिलं कलम डोहाळ्यांचं. लग्नानंतर बेलाला दिवस जातात आणि पोटात काही ठरेना होतं. शेवटी माणसाचं रक्त चालतं असा शोध लागतो. मग झाकणाचा पेला, त्यात रक्त आणि वर स्ट्रॉ.

“काकू, ती ते आवडीनं पिते! शी!”

“आणून कोण देतं?” सौभाग्यवतींनी विचारलं.

“सासरे. डॉक्टर आहेत ना, त्यांनी साठा करून ठेवलेला असतो.”

मेथी निवडणारे हात थांबले. “सासरे सुनेचे डोहाळे पुरवतात? काहीतरीच लिहितात हल्ली.”

दुसरं कलम बारशाचं. बेलाच्या आईचं नाव रने आणि एडवर्डच्या आईचं एझ्मी. दोन्ही जोडून मुलीचं नाव रनेझ्मी. तेवढ्यानं भागेना म्हणून दोन्ही आजोबांच्या नावांची मोडतोड करून कार्ली हे दुसरं नाव. पुतणीच्या मते या एका नावासाठी लेखिकेवर खटला भरायला हवा. मातोश्रींनी माळ बाजूला ठेवली.

“दोन्हीकडच्या आज्या एकाच नावात बसवल्या, आणि कुणी रुसलं नाही?”

“नाही.”

“आत्याला विचारलं?”

“आत्या दोन आहेत, आजी. नाव आईनंच ठेवलं.”

यावर मातोश्रींनी हे पुस्तक संपूर्णपणे काल्पनिक असल्याचा निर्वाळा दिला. पिशाच्चांबद्दल त्यांना काही शंका नव्हती.

तिसरं कलम गंभीर. तीन भाग बेलासाठी झुरलेला जेकब चौथ्या भागात तिची नवजात मुलगी पाहतो आणि त्याच क्षणी जन्मभरासाठी तिच्याशी बांधला जातो. ते लांडग्यांच्या हातात नसतं, असा खुलासा लेखिका करते. मुलगी सात वर्षांत पूर्ण वाढणार, हा दुसरा खुलासा. बेला आधी या प्रकारावर चिडते, पण तिचा पारा खरा चढतो तो जेकबनं लेकीला तळ्यातल्या राक्षसाचं लाडकं नाव ठेवलं म्हणून! शारदा कायदा १९२९ साली झाला, तेव्हा पाळण्याला बाशिंग बांधण्याची हौस आता कल्पनारम्य कादंबऱ्यांतही पुरवू नये. या कलमावर आमच्या घरात एकमत झालं. असं आमच्याकडे सहसा होत नाही.

चौथं कलम युद्धाचं. इटलीतून व्होल्तुरी नावाचे बडे व्हँपायर एडवर्डच्या कुटुंबाचा निकाल लावायला येणार. जगभरातून साक्षीदार जमतात, कवायती होतात, पानामागून पान जातं. मग बर्फात दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहतात आणि चर्चा करतात. दक्षिण अमेरिकेतून एक तरुण येऊन साक्ष देतो आणि व्होल्तुरी आल्या वाटेनं परत जातात. इरिना नावाची एक व्हँपायर तेवढी बळी पडते.

“एवढं सगळं वाचायचं, आणि शेवटी सभा?” पुतणी रडकुंडीला आली.

“सभा झाली आणि सगळे धड घरी गेले? मग त्यात सोसायटीचे मेंबर नसणार,” सौभाग्यवती म्हणाल्या.

सिनेमावाल्यांना गिऱ्हाईक बरोबर कळतं. २०१२ साली त्यांनी पडद्यावर तुंबळ लढाई दाखवली, भल्याभल्यांची मुंडकी उडवली आणि मग हे सारं कुणाला तरी दिसलेलं भविष्य होतं असं सांगून टाकलं. मुंडकीही उडाली, माणसंही वाचली.

आता पुतणीच्या वयाच्या वाचकांचं दुखणं सरळ आहे. बेलाला नवरा मिळाला, मूल मिळालं, अमरत्व मिळालं, रूप मिळालं, बापही दुरावला नाही. किंमत काही मोजलीच नाही! आपल्याकडे हा हिशेब जुना आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. त्याच्या तीन वर्षं आधी हळब्यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी आली आणि चार वर्षांनी रिसबुडांची ‘मंजुघोषा’. तेव्हाच्या नायिकेनं हवे तेवढे हाल सोसावेत, पण शेवटी तिचं भलं झालंच पाहिजे, असा दंडक होता. मग १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’मधली यमू घराघरांत पोचली. केशवपन आणि मृत्यू वाट्याला आलेल्या यमूनं महाराष्ट्राला रडवलं, आणि ते रडणं खरं होतं. आम्ही मात्र त्यातून सोयीचा नियम काढला. नायिका मेली तर पुस्तक थोर, सुखी झाली तर उथळ. इंग्रजी वाचणारी पुतणीही याच नियमानं गुण देते.

मात्र सौभाग्यवतींचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो जास्त जहाल आहे. शेवटचं कलम त्यांनीच घातलं. बेलाच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला सासूबाई तिला जंगलातलं एक घर डागडुजी करून, सजवून भेट देतात. कपड्यांची खोली नणंदेनं आधीच भरून ठेवलेली.

“कर्ज?”

“नाही.”

“मेंटेनन्स? पार्किंगचे वेगळे?”

“काकू, जंगल आहे ते!”

“आणि घर सुनेला? सासूनं आपणहून दिलं?”

“हो. सासऱ्यांनी पूर्वी सासूबाईंना समुद्रातलं एक अख्खं बेट दिलं होतं.”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र उघडलं.

तेव्हा आमच्या घरचा निकाल ऐका. माणूस मरत नाही, उन्हात चमकतो, रक्त पितो, लांडगा होतो, हे सगळं कल्याणच्या वाचकांना मान्य आहे. भांडणाविना एकत्र कुटुंब, फुकटचं घर आणि सुनेच्या बाजूनं उभं राहणारं सासर हे मात्र अजिबात मान्य नाही. पुतणीला हे सुख स्वस्त वाटतं आणि काकूंना अशक्य. लेखिकेनं दोघींनाही दुखावलं, म्हणजे तिनं खरी अद्भुत कथा लिहिली.

ज्यांना अजूनही हे पुस्तक परत करायचं असेल, त्यांनी दुकानात हेलपाटा घालू नये. आमच्याकडे पाठवावं. पुतणी तिची प्रत द्यायला तयार नाही, आणि सौभाग्यवतींना घराचं प्रकरण स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं आहे.