खांदा कुठं होता?

परवा रिव्हर्स घेताना गाडी पार्किंगच्या खांबाला घासली. उतरून ओरखडा बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "खांदा कुठं होता तुमचा?"

मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ओरखडा सोडून खांद्याची चौकशी करणारा माणूस आख्ख्या कोथरुडात एकच. आम्ही त्याला कोच म्हणतो, तेही तोंडावर. त्याला तो मान वाटतो.

ओळखलंत ना? बँकेतून निवृत्त, गुडघ्याला पट्टा, कमरेला पाऊच, पाऊचमध्ये उकडलेल्या कलेजीचे तुकडे आणि पायाशी एक कुत्री, जिच्याबद्दल तो 'आम्ही' असं बोलतो. "आम्ही आज बाराच्या बारा दांड्या केल्या." "आमचं पोट काल जरा बिघडलं होतं." ज्या घरात चार पिढ्या अंडं शिरलं नव्हतं, तिथल्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आता कलेजीचा डबा असतो. वर चिठ्ठी: 'चिंगी. इतरांनी हात लावू नये.' जसं काही इतर टपूनच बसलेत.

कुत्र्याला नुसते फिरवणारे, त्याच्याशी इंग्रजीत बोलणारे, वाढदिवसाला केक कापणारे हे सगळे त्यामानाने निरुपद्रवी. हा ॲजिलिटीवाला. म्हणजे कुत्र्याने घड्याळ लावून उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, बारा दांड्यांमधून नागमोडी निघायचं, सी-सॉवर चढून उतरायचं. मालकाने बाजूने धावत रस्ता दाखवायचा. कुत्र्याला हात लावायचा नाही, अडथळ्यालाही नाही. हा खेळ लोकांपुढे आला 1978 साली, लंडनच्या ऑलिंपियात, क्रफ्ट्सच्या श्वानप्रदर्शनात, तोही दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढायला, घोड्यांच्या शो-जंपिंगवरून उचललेला. लोकांनी डोक्यावर घेतला. आपल्याकडे मधल्या वेळेत निवेदक विनोद सांगतात. ते अजून कुणी डोक्यावर घेतलेले नाहीत.

आता तो खांदा. कोचचं म्हणणं असं, की कुत्रं तुमचं तोंड ऐकत नाही, अंग वाचतं. पावलं आणि खांदे जिकडे, तिकडे ते जाणार. तुम्ही 'बोगदा' म्हणून ओरडलात आणि खांदा उडीकडे वळलेला असला, तर ते उडीच मारणार, आणि बरोबरच करणार. तेव्हा चूक कुत्र्याची कधीच नसते. त्या बारा दांड्यांतली पहिली दांडीसुद्धा कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यावी लागते, असा नियमच आहे. हे कळल्यापासून कोचला सगळं विश्व खांद्यांवर उभं असल्यासारखं दिसतं.

चौथ्या मजल्यावरच्या मुलाला गणितात 41 मिळाले. कोचने वडिलांना विचारलं, "तो अभ्यासाला बसतो तेव्हा तुमचा खांदा कुठं असतो? मोबाइलकडे?" वॉचमन झोपलेला सापडला, तेव्हा सेक्रेटरीच्या खांद्याची चौकशी झाली. आमच्याकडे पोळी करपली आणि नेमका हा दारात. त्यानंतर बायको आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती, आणि का कोण जाणे, माझ्याशीही. दुसऱ्या मजल्यावरचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा यानं मुलीच्या वडिलांना जिन्यात गाठून तोच प्रश्न विचारला. बिचाऱ्यांना वाटलं, हा खांदा द्यायला आलाय. ते टेकून रडले.

चिंगी म्हणजे काही परदेशी कॉली नव्हे. पावसाळ्यात स्कूटरखाली सापडलेली गावठी कुत्री, शेपटी कायम पोटाशी. दीड वर्षाची होईतो त्याने तिला एक उंच उडी मारू दिली नाही. "हाडं पक्की व्हायची असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही अठरा महिन्यांखाली घेत नाहीत." तोवर काय, तर जमिनीवर आडवी टाकलेली शिडी आणि तिच्या पायऱ्यांमधून सावकाश चालणं, मग उलटं चालणं. "कुत्र्याला ठाऊकच नसतं, की मागचे दोन पायही आपलेच आहेत." आमच्या मॅनेजिंग कमिटीचंही हेच दुखणं आहे, पण तिला कोण शिडीतून चालवणार? वजनाचीही त्याची कसोटी ठरलेली: बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. एका मुंजीच्या पंगतीत त्याने ती जिलबीकडे हात नेणाऱ्या माझ्यावर वापरली. काही लागलं नाही. तो काही बोललाही नाही, फक्त जिलबीचं ताट पुढे सरकवलं. माझ्यापासून पुढे.

सी-सॉचं प्रकरण मात्र सोसायटीने भोगलं. फळी पलीकडे टेकताना धाडकन आवाज होतो, आणि चिंगी तर कुकरच्या शिट्टीलाही पलंगाखाली जायची. मग कोचने दोन्ही टोकांखाली उशा रचल्या, इतक्या की फळी जेमतेम दोन बोटं हलावी. तिने पंजा ठेवला, फळी हलली, कलेजी. हलली, कलेजी. चार दिवसांनी एक उशी कमी. शिवाय आवाजाची सवय म्हणून रोज संध्याकाळी सातला स्टीलची ताटली फरशीवर, आधी बुटाच्या उंचीवरून, मग गुडघ्याच्या, मग कमरेच्या. तीन आठवडे आम्ही बातम्या त्या तालावर ऐकल्या. तक्रार करायला गेलो तर म्हणाला, "वेग पायात नसतो हो. धसका बसलेलं कुत्रं प्रत्येक अडथळ्यापाशी विचार करतं, आणि विचार केला की सेकंद गेले." मी म्हटलं, आम्हालाही धसका बसलाय. त्याने पाऊचमध्ये हात घातला. मी निघून आलो.

अखेर स्पर्धा आली. आम्ही सातजण बघायला गेलो, थोडे कौतुकाने, बरेचसे सूड म्हणून. आधी आठ मिनिटं मालकांनी कुत्र्यांशिवाय मैदानात फिरून रस्ता पाठ करायचा असतो. पंधरा-वीस मोठी माणसं हात हवेत फेकत, अचानक गिरक्या घेत, न दिसणाऱ्या कुणाशी तरी पुटपुटत चालली होती. शेजारच्या भेळवाल्याने मला हळूच विचारलं, "कुठल्या बाबांचे म्हणायचे हे?"

चिंगी सुटली आणि आम्ही गप्प झालो. स्कूटरखालचं ते पिल्लू सी-सॉवर चढलं, फळी धाडकन आपटली, आणि तिने कान देखील हलवला नाही. उतारावरच्या पिवळ्या पट्ट्यावर पंजा टेकवून पुढे. दांड्यांमधून तर अशी गेली, जशी माझी आजी वेणीतून पेड काढायची. कोच गुडघा ओढत मागे. बोगद्याच्या तोंडाशी आली, थबकली, डावीकडे वळली आणि मैदानाची दोरी ओलांडून थेट वडापावच्या गाडीवर.

बाद. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलेना. शेवटी तोच म्हणाला, "खांदा माझाच वळला. मलाही वास आला होता."

त्या दिवसापासून मला तो जरा बरा वाटू लागला, हे कबूल करतो. पण ते त्याला सांगायची गरज नव्हती.

मार्चमध्ये आई बाथरूमच्या उंबऱ्यात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, चालवा. आई वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची. "नको रे." मी आधी समजूत काढायचो, मग आवाज चढवायचो. एकदा कोच कसल्याशा सहीसाठी आला असताना त्याने हे पाहिलं. काही विचारलं नाही. खाली बसून उंबऱ्याची उंची बोटांनी मोजली. "दोन इंच. फार आहे."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्याने खडूने रेघ ओढली. "मावशी, आज एवढीच ओलांडायची."

"मी काय तुझी कुत्री आहे?"

"नाही मावशी. चिंगीला दोनदा सांगावं लागत नाही."

ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा हसली. रेघ ओलांडली. बक्षीस म्हणून आलेपाकाची वडी मिळाली, वेगळ्या डब्यातून. मी खात्री करून घेतली. तीन दिवस ती खडूची रेघच चालली. मग तो स्वतः आईच्या कोपराला धरून अडथळ्याची उंची थोडी-थोडी वाढवत गेला. मला काम एकच: समोर उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

नवव्या दिवशी खरा उंबरा. मी पलीकडे हात पसरून उभा, कोच आईच्या कोपराशी, चिंगी दारात. आईने वॉकर पुढे ठेवला, पाय उचलला. खिशात फोन वाजला. मी नुसता किंचित वळलो.

आईने पाय परत मागे ठेवला.

आता प्रश्न येणार म्हणून मी मान खाली घातली. कोच मात्र चिंगीकडे बघत राहिला. प्रश्न वॉकरच्या बाजूने आला.

"खांदा कुठं होता रे तुझा?" आई म्हणाली.