मिस्टर सर

मेलबर्नच्या कुठल्याही उपनगरात जा, मराठी घरांची संख्या जरा वाढली की त्यांत एक सर निघतातच. गणिताचे नव्हे, इंग्रजीचेही नव्हे, पी.टी.चे. सातारा, सांगली नाहीतर नगरकडच्या शाळेत उभा जन्म शिट्टी वाजवून निवृत्त झालेले आणि आता नातवंडं सांभाळायला इकडे आलेले. ओळखायला सोपे. पांढरे कॅनव्हासचे बूट, कडक इस्त्रीची पँट, आणि गळ्यात शिट्टी, जी घरात वाजवायला सुनेची बंदी आहे. उभे राहतात ते टाचा जुळवून. फोटोसाठी आपण 'हसा' म्हणालो की ते 'सावधान'मध्ये जातात.

आमच्या सरांचा एक प्रश्न ठरलेला आहे. कुठलीही शर्यत असो, तुम्ही उत्साहानं सांगायला गेलात की अमका पहिला आला, की सर चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "ते पोरंबी सांगतील. चौथा कोण?"

आता चौथा कोण हे कुणाला माहीत असतं? त्याच्या आईला असेल.

या प्रश्नामागे एक जुनं दुखणं आहे. सरांच्या तालुक्यात शालेय स्पर्धांत पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. शेवटी बेरीज करून ज्या शाळेचे गुण जास्त, तिला सर्वसाधारण विजेतेपदाची फिरती ढाल. "आन् चौथ्याला काय?" असं म्हणून सर थांबतात. आपल्याला "काय?" असं विचारावंच लागतं, त्याशिवाय गोष्ट पुढं जात नाही. "चहा!" एका वर्षी त्यांच्या शाळेची पोरं जवळजवळ प्रत्येक शर्यतीत चौथी आली. सरांच्या मते तो संघ तालुक्यात सर्वांत तयारीचा होता. ढाल दुसऱ्या शाळेला गेली, सरांच्या पोरांनी चहा प्यायला.

त्याच सुमारास, ऑक्टोबर 1985 मध्ये, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अ‍ॅथलेटिक्सचा विश्वचषक झाला. आपल्याकडे त्याची कुणाला फार गंधवार्ता नव्हती. सरांनी मात्र वर्तमानपत्रातली कात्रणं कापून वहीत चिकटवली, कारण त्या स्पर्धेची रचनाच त्यांच्या मनासारखी होती. आठ संघ : अमेरिका, पूर्व जर्मनी, सोव्हिएत संघ, आणि मग युरोप, आफ्रिका, आशिया, ओशियानिया, उरलेली अमेरिका असे खंडांचे संघ. एका प्रकारात एका संघाचा एकच खेळाडू. पहिल्याला आठ गुण, दुसऱ्याला सात, असं उतरत उतरत शेवटच्यालाही एक. "शेवटच्यालाही!" हे सांगताना सरांचा आवाज अजून चिरकतो. त्यांनी म्हणे तालुका क्रीडा समितीला कात्रणासकट अर्ज केला होता. उत्तराची वाट ते बहुधा अजूनही पाहत असावेत, कारण मुलानं घर बदललं की सर नवा पत्ता गावी कळवतात.

या स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या मारिटा कॉखनं 400 मीटर 47.60 सेकंदांत पळून केलेला विक्रम आजतागायत उभा आहे. दुसरा कुणी याच आकड्यापासून सुरुवात करील. सरांच्या वहीत तो पेन्सिलीनं लिहिलेला आहे, कारण पूर्व जर्मनीत सरकारच खेळाडूंना औषधं देत होतं हे पुढं उघड झालं. बाई कुठल्या चाचणीत सापडली नाही, म्हणून खोडायचाही नाही. पण शाईनंही लिहायचा नाही. शाईनं लिहिलंय ते आशियाच्या संघातून पी. टी. उषा धावली हे. उषाचं नाव काढलं की सर बसल्या जागी ताठ होतात.

मुलानं त्यांना पहिल्यांदा कॅनबेराला नेलं तेव्हा घरच्यांना संसद बघायची होती, युद्धस्मारक बघायचं होतं. सरांनी गाडी ब्रूस स्टेडियमकडे वळवायला लावली. तिथं आता रग्बी चालतं, धावपट्टी केव्हाच काढून टाकलेली. सर कुंपणाबाहेरून हिरवळ बघत राहिले. मग तिथल्या रखवालदाराला त्यांनी आपल्या इंग्रजीत विचारलं की कॉख धावली ती दुसरी लेन साधारण कुठं येत असेल. तो बिचारा चाळिशीचाही नसावा. त्यानं अदबीनं पार्किंगचा रस्ता दाखवला.

शनिवारी सकाळी मात्र सरांचा खरा थाट असतो. नात लिटल अ‍ॅथलेटिक्सला जाते. जिलाँगमध्ये काही पोरांना 'तुम्ही लहान आहात' म्हणून स्पर्धेतून परत पाठवलं, ते बघून ट्रेव्हर बिलिंगहॅम नावाच्या गृहस्थांनी 1964 मध्ये ही चळवळ उभी केली. आता ती देशभर पसरली आहे. इथं नुसतं पोराला सोडून जाता येत नाही, घरच्या मोठ्यांनाही काम लावतात. आमच्यासारखे लोक टेप धरायचं सोपं काम बघून घेतात आणि उरलेला वेळ फोनमध्ये घालवतात. सरांनी लांब उडीच्या खड्ड्यावरचं दाताळं मागून घेतलं. त्यांनी सारखी केलेली वाळू बघाल तर उडी मारायला जिवावर येईल.

पहिल्या दिवशी पोरांनी त्यांना नाव विचारलं. इथं पोरं सगळ्यांना थेट नावानं हाक मारतात. सर म्हणाले, "सर." पोरांना वाटलं ते आडनाव. तेव्हापासून अख्खं मैदान त्यांना 'मिस्टर सर' म्हणतं.

इथल्या पद्धतीची त्यांना आधी फार चीड आली होती. शेवटून दुसरी आलेली पोरगी उड्या मारत येते, आई मिठी मारते, म्हणे 'पीबी' झाला, म्हणजे स्वतःचीच आधीची वेळ मोडली. "स्वतःलाच हरवायचं आन् स्वतःच टाळ्या वाजवायच्या?" असं सर महिनाभर कुरकुरले. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं की या हिशोबात चौथ्यालाही काहीतरी मिळतं. त्या दिवसापासून त्यांनी सगळ्या पोरांच्या पीबींची वही घातली. क्लबच्या संगणकात ते सगळं असतं, हे त्यांना सांगायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

2017 च्या फेब्रुवारीत मेलबर्नच्या लेकसाइड स्टेडियममध्ये 'नायट्रो अ‍ॅथलेटिक्स' झालं, तेव्हा तर सरांना त्यांचीच कल्पना कुणीतरी ढापल्यासारखं वाटलं. उसेन बोल्टचा संघ, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, न्यूझीलंड, जपान, चीन असे सहा संघ. स्त्री-पुरुषांची मिश्र रिले. अपंग खेळाडूंच्या शर्यतींचे गुणही संघाच्याच बेरजेत. तीन रात्री बेरीज चढवत न्यायची. शहरातले सगळे बोल्ट बघायला गेले. सर वही घेऊन गेले. काकूंनी बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा थर्मास दिला होता. वहीत सहा रकाने आदल्या रात्रीच आखलेले.

गाणी इतकी मोठ्यानं लागली होती की सरांनी कानात कापूस घातला. एका मैलाच्या शर्यतीत मागं पडणाऱ्याला मधेच बाद करत नेतात, ते मात्र त्यांना मुळीच पटलं नाही. "अहो, पळू द्या की त्याला, गुण नका देऊ पायजे तर," असं ते मराठीत ओरडले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून मान डोलावली. त्यांना ते प्रोत्साहन वाटलं असावं.

मग बोल्ट रिलेला उतरला. सारं स्टेडियम उभं राहिलं, फोन वर झाले. मी सरांना हलवलं, "सर, बोल्ट!" सर मान वळवून मागच्या वळणाकडं बघत होते. तिथं पिछाडीच्या संघाची बॅटन बदलत होती. "बघा, बघा, हात केवढा स्थिर आहे पोरीचा," ते म्हणाले. बोल्ट जिंकला. सरांना तो पाठमोराच दिसला, तोही थांबल्यावर. घरी जाताना ट्रॅममध्ये मी हळहळलो, तर म्हणाले, "तो टीव्हीवर दिसतोच. मागचा कोण दाखवतंय?" शेवटच्या रात्री बोल्टचा संघ पहिला आला आणि ऑस्ट्रेलिया दुसरा. उरलेल्या चौघांचा क्रम विचारायचा असेल तर सरांकडे जा, जेवूनच याल.

पाहुण्यांना मेलबर्न दाखवायचं काम सरांकडं दिलं, की ते समुद्रकिनारा वगैरे सोडून ऑलिंपिक पार्कजवळच्या पुतळ्यापाशी नेतात. 1956 च्या मैलाच्या शर्यतीत रॉन क्लार्क पडला, तेव्हा जॉन लँडी धावता धावता थांबून त्याच्याकडे परत गेला, मग पुन्हा पळाला आणि जिंकलाही. त्याचा हा पुतळा. पाहुण्यांचे डोळे पाणावतात. सर एक मिनिट जाऊ देतात आणि म्हणतात, "त्या दुसऱ्याचा विचार करा. पहिला थांबलाय, तरी आपण दुसरेच."

त्यांना स्वतःच्या प्रश्नाचा विसर पडलेला मी एकदाच पाहिला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीडचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये पाच शतांश सेकंदानं सुवर्णपदक हुकून दुसरा आला. सर उठून घरातच फेऱ्या घालायला लागले. शिट्टी वाजवली. सून काही बोलली नाही. चौथ्याची चौकशी त्यांनी थेट दुसऱ्या दिवशी केली, तीही जरा ओशाळून.

दरवर्षी मराठी मंडळाच्या सहलीत क्रीडास्पर्धा सरांकडं असतात. लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, रस्सीखेच, रिले. फक्की मारायला चुना चालत नाही म्हणून ते रांगोळी आणतात. रिलेचा पट्टा तीस मीटर मोजून आखतात. लोक कोपऱ्यात वडापाव खात असतात आणि सर भोंग्यावरून गुणतक्ता वाचत असतात : सहावा, पाचवा, चौथा... पहिल्यापर्यंत येईतो चहा झालेला असतो. गेल्या वर्षी रस्सीखेचेच्या अर्ध्या गुणावरून दोन कुटुंबांत बोलणं बंद झालं, तेव्हा समितीनं ठराव केला की यापुढं नंबर नाहीत, गुण नाहीत, सगळ्यांना सारखंच पदक.

आम्हाला वाटलं सर चिडतील. सर म्हणाले, "चांगलं आहे की." मग पदकं वाटायला त्यांनी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, आणि काकूंना वही देऊन प्रत्येकजण कितवा उभा होता ते लिहून घ्यायला सांगितलं.