हत्यारांची शास्त्रोक्त मांडणी (फक्त शिरूर व दौंड तालुक्यांसाठी)

सदर मार्गदर्शन शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या अशा समस्त कुटुंबांसाठी आहे, ज्यांच्या घरी पक्कड आहे, पण आत्ता सापडत नाही. पुस्तकं सांगतात, हत्यारं गॅरेजमध्ये ठेवा. आपल्याकडे गॅरेज म्हणजे गाडी दुरुस्तीला टाकायची जागा. घराशेजारी जे असतं ते पत्र्याचं शेड. त्यात मोटारसायकल, पेंडीची पोती, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, एक जळालेली मोटार आणि अंड्यांवर बसलेली कोंबडी असते. उरलेल्या जागेत हत्यारं.

नियम 1. प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली असावी.

आमचे दाजी रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहेत. तिथल्या शिस्तीतली जपानी पंचसूत्री त्यांना तोंडपाठ आहे: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागच्या जागी ठेवा, पुसा, रोज तसंच करा आणि कुणी न सांगता करा. पाचव्या पायरीपर्यंत आमच्या घराण्यात अजून कुणी पोचलेलं नाही.

दाजी दिवाळीला आले ते प्लायवूडचा तुकडा घेऊनच. भिंतीवर ठोकला, खिळे मारले, एकेक हत्यार टांगलं आणि त्याच्याभोवती लाल रंगाची रेघ ओढली. म्हणाले, "आता काय गेलं ते लगेच कळंल." कळतं. सध्या भिंतीवर एक हातोडी आहे आणि बाकी सगळ्या रेघा आहेत. काय गेलं हे कळतं, पण कोणी नेलं हे कळत नाही, हा दोष जपान्यांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. त्यांच्याकडे शेजारी मागायला येत नसावेत.

मात्र जड वस्तू खाली, धारेची पोरांच्या हाताबाहेर आणि रोजची छातीच्या उंचीवर, हे दाजींचं म्हणणं बरोबर आहे. त्यांना सांगू नये.

नियम 2. पान्यांचे वर्गीकरण क्रमांकानुसार करावे.

संच नवा असताना 6-7 पासून 20-22 पर्यंत आठ पाने असतात. त्यातला 12-13 पहिला जातो, आणि 20-22 मात्र नातवंडांपर्यंत टिकतो. यात दैवाचा काही संबंध नाही. आठ मिलिमीटरच्या बोल्टला 13 नंबरचा पाना लागतो, सहाच्या बोल्टला 10 नंबरचा, आणि घरातल्या, शेतातल्या, गाडीवरच्या निम्म्या गोष्टी याच दोन बोल्टांवर उभ्या असतात. जे सारखं लागतं ते सारखं खिशात जातं आणि बांधावर राहतं. म्हणून घोडनदीच्या बाजारातून पुन्हा अख्खा संच आणू नये. 10-11 आणि 12-13 तेवढे सुटे आणावेत, आणि दुकानदार "संचच घ्या की" म्हणाला तर ऐकू येत नसल्यासारखं करावं.

नियम 3. कानशी एकमेकींवर ठेवू नयेत.

दात बोथट होतात. झालं.

नियम 4. गंजापासून संरक्षण करावे.

गंजाला ओल आणि हवा लागते, आणि शेडमध्ये दोन्ही फुकट मिळतात. त्यात आपण हत्यारांची पेटी नेमकी खताच्या पोत्यांना टेकवून ठेवतो. पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा क्लोराइडचा क्षार असतो. असली खतं हवेतलं पाणी ओढतात आणि ज्या लोखंडाला लागतील ते खातात. पोती एका भिंतीला, लोखंड दुसऱ्या. काम झालं की फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. हलका. आमच्याकडे जळकं ऑइल ओतलेली पेटी आहे. तिच्यातून पाना काढण्यासाठी आधी दुसरं फडकं शोधावं लागतं.

लोखंडाचं झालं, आता लाकडाचं. कुदळीचा दांडा सैल झाला की ती रात्रभर पाण्यात बुडवतात. दांडा फुगून घट्ट बसतो, चार दिवसांनी उन्हात वाळतो आणि आधीपेक्षा सैल होतो. पाचर मारा. पाचर मारायला हातोडी लागते, आणि ती आमच्याकडे आहे, हे वर सांगितलंच.

नियम 5. निरुपयोगी वस्तूंचा त्याग करावा.

हा नियम आबांना वाचून दाखवू नये. आबा म्हणजे आमचे चुलते, दौंडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला सोडवून उलट्या टोकाला जोडायचे, तो काळ त्यांनी पाहिला आहे. आता कॉर्ड लाइनवरून गाड्या दौंड जंक्शनात न शिरता निघून जातात, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. त्यांचे वाकडे खिळे डालड्याच्या डब्यात आहेत. ते सरळ करून वापरायचे आहेत. कधी, हे विचारायचं नाही.

आबांची सगळी हत्यारं एका गोणीत असतात. वर्गीकरण नाही, रेघ नाही, जपान नाही. पण लाईट गेल्यावर काळोखात त्या गोणीत हात घालून ते जी वस्तू बाहेर काढतात, ती हवी असलेलीच असते. दाजींनी हे दोनदा तपासून पाहिलं आणि गप्प बसले. मला वाटतं, गुपित एवढंच की त्या गोणीत आबांखेरीज कुणाचा हात जात नाही. हत्यार खिळ्यामुळे सापडत नाही, ठेवणारा आणि काढणारा एकच असला की सापडतं. पण पाच माणसांच्या घरात पाच गोण्या ठेवता येत नाहीत, म्हणून हे मार्गदर्शन लिहावं लागतं.

नियम 6. रात्रीची पिशवी वेगळी असावी.

शेतीची थ्री-फेज लाईट पाळीने येते आणि रात्रपाळी बऱ्याच जणांना चुकलेली नाही. मोटार बंद पडते तीही तेव्हाच. आपल्या उसात बिबट्या असतो, आणि शिरूर तालुक्यात ही आता गप्पांतली गोष्ट राहिलेली नाही, माणसं गेली आहेत. तेव्हा हा नियम हसण्यावारी नेऊ नका. पाना विसरला म्हणून अंधारातून घरी दुसरी चक्कर पडता कामा नये. बॅटरी, टेस्टर, पक्कड, 12-13, इन्सुलेशन टेप, फ्यूजची तार हे एका पिशवीत, दाराच्या आत, एका खिळ्याला. त्या खिळ्याला दुसरं काही टांगायचं नाही, बाजाराची पिशवीसुद्धा नाही. जाताना सोबत माणूस न्यावा. मोटारीची पेटी उघडण्याआधी मेन स्विच खाली. टेस्टर आधी करंट नक्की असेल तिथे लावून पाहावा, मगच त्याच्या 'नाही'वर विश्वास ठेवावा. डीपीला हात लावू नये, ते वायरमनचं काम आहे. तो फोन उचलत नसेल तर ऊस एक रात्र तहानलेला राहू द्यावा.

नियम 7. वार्षिक मोजदाद खंडेनवमीस करावी.

त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. वर्षातून एकदाच आपल्याकडे काय आहे ते एका नजरेत दिसतं. पूजा उतरल्यावर ओली फुलं आणि कुंकू पुसून टाकावं, नाहीतर झेंडूखाली गंजाचा ठसा उमटतो.

काय आपल्याकडे नाही, तेही याच दिवशी कळतं. प्रसादाला शेजारी गेलं की त्यांच्या पाटावर आपली पाइप पक्कड झेंडूची माळ घालून बसलेली असते. कुंकू लावलेलं हत्यार देवापुढून उचलता येत नाही. आपणही हात जोडतो आणि साखर-खोबरं घेऊन परततो. दुसऱ्या दिवशी दसरा. तेच गृहस्थ आपट्याची पानं घेऊन दारात येतात, गळाभेट घेतात आणि सोनं देऊन जातात. लोखंड काही देत नाहीत.