टीव्ही आणि इंटरनेट एका दावणीला बांधू नका

एडिसन, न्यू जर्सी

ती. स्व. दादा आणि वहिनी यांना
सा. न. वि. वि.

वलगावच्या नव्या घरात टीव्ही आणि इंटरनेट कोणाचं घ्यावं, हा तुमचा प्रश्न पोचला. सोबत पत्रकांचे फोटोही पोचले. प्रत्येक पत्रकावर सोफ्यावर बसलेलं हसरं कुटुंब आहे, आणि त्यातल्या एकाच्याही हातात बिल नाही. अमेरिकेत राहणाऱ्याला यातलं जास्त कळतं असा गावात समज आहे. तो समज मी मोडत नाही, फक्त इकडची अक्कल उलटी धरून वापरा एवढंच सांगतो. इकडे लोकांनी जे केलं ते तुम्ही करू नका. टीव्ही एकाकडून घ्या, इंटरनेट दुसऱ्याकडून. दोन्ही एकाच दावणीला बांधले की एक बसला तर दुसराही उठत नाही, आणि दावं सोडायला गेलं की गाठ कंपनीनं मारलेली असते.

इकडे टीव्ही, इंटरनेट आणि फोन एकत्र विकायची चाल जुनी आहे. ‘ट्रिपल प्ले’ म्हणतात तिला. तिन्ही मिळून एक आकडा सांगितला की यातलं टीव्हीचं किती आणि इंटरनेटचं किती, हे विचारायची सोयच राहत नाही. शिवाय जाहिरातीत एक आकडा आणि बिलात दुसरा. मधल्या फरकाला ‘स्थानिक वाहिन्यांचा आकार’, ‘खेळांच्या वाहिन्यांचा आकार’ अशी साजूक नावं. शेवटी मार्च २०२४मध्ये इथल्या दूरसंचार आयोगाला नियम करावा लागला, की केबल आणि सॅटेलाइटवाल्यांनी टीव्हीची सगळी किंमत एकाच ठळक आकड्यात सांगावी. १० एप्रिल २०२४पासून मोठ्या इंटरनेट कंपन्यांवरही बंधन आलं. खाण्याच्या पुड्यावर साखर-मिठाची चौकट असते तशी चौकट छापायची, आणि तिच्यात भाडं, वरचे आकार, वेग, डेटाची मर्यादा सगळं लिहायचं. एवढं होऊनही पाहिजे ती वाहिनी सुटी घेण्याचा हक्क इकडच्या केबलच्या गिऱ्हाइकाला कायद्यानं मिळालेला नाही.

तुम्हाला तो मिळालेला आहे, दादा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमानं १ फेब्रुवारी २०१९पासून प्रत्येक पैशाच्या वाहिनीची सुटी किंमत जाहीर करावी लागते, आणि तुम्ही म्हणाल तेवढ्याच वाहिन्या द्याव्या लागतात. जी वाहिनी एकोणीस रुपयांहून महाग तिला गठ्ठ्यात घालायला बंदी आहे. वाहिन्यांवर जोडणीचं भाडं वेगळं. ते आधी शंभर वाहिन्यांना १३० रुपये होतं, मार्च २०२०पासून तेवढ्याच पैशात दोनशे झाल्या, आणि जुलै २०२४मध्ये ट्रायनं त्यावरची मर्यादाच काढून टाकली. म्हणून आता ‘जोडणीचं भाडं किती?’ हे तोंडानं विचारावं लागतं, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरावा लागतो. एक एचडी वाहिनी मोजताना दोन धरतात, हेही विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. हा सगळा हिशेब मांडता येतो तो टीव्ही वेगळा घेतला तरच. एकत्र पॅकेजात साडेतीनशे वाहिन्या ‘मोफत’ असतात. त्यातल्या वहिनी चार पाहतात, तुम्ही बातम्यांच्या तीन पाहता, आणि बाकीच्यांमुळे रिमोटची बटणं झिजतात. डीडी फ्री डिश तर डिसेंबर २००४पासून आहे, आणि तिला महिन्याचं भाडंच नाही. एकदा छत्री आणि डबा घेतला की झालं. तिच्यावरच्या खासगी वाहिन्या लिलावानं येतात आणि बदलतात, त्यामुळे वहिनींच्या मालिका तिथं असतीलच असं नाही. पण खालच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला तेवढं पुष्कळ.

पैशापेक्षा मोठं कारण मात्र बिघाडाचं आहे. टीव्हीची डिश आणि इंटरनेटची फायबर या दोघींची दुखणी वेगळी आहेत. डिशला पाऊस सोसत नाही. ज्या लहरींवर ती चालते त्या मुसळधार पावसाचे थेंब शोषून घेतात, म्हणून पेढी नदीला पूर आणणारा पाऊस सुरू झाला की पडद्यावर चौकोन नाचू लागतात. पाऊस ओसरला की कोणाला फोन न करता चित्र परत येतं. फायबरला पावसाचं काही वाटत नाही, कारण आत काच असते आणि काचेतून उजेड जातो. तिचा वैरी जेसीबी. परतवाड्याच्या रस्त्यावर नाली खोदायला जेसीबी उतरला, किंवा वान्नेरांच्या कळपानं खांबावरच्या वायरीला झोका केला, की तुटलेली काच जोडायला माणूस आणि मशीन येईपर्यंत बसून राहायचं. आता तुम्हीच सांगा, धो धो पाऊस आणि जेसीबी एका वेळी किती वेळा येतात? दोन्ही वेगळं असेल तर एक बंद पडल्यावर दुसरं चालू राहतं. टीव्हीसुद्धा फायबरवरूनच घेतला तर वायर तुटल्या दिवशी घरात एवढी शांतता होईल, की एकमेकांशी बोलावं लागेल. लाईन गेली तर दोन्ही जातात हे खरं. पण फायबरचा डबा फार थोडी वीज खातो. तो आणि राउटर इन्व्हर्टरच्या फेजवर घ्या, म्हणजे झालं.

क्रिकेट तर मोबाइलवर दिसतंच, मग डिश कशाला, असं तुम्ही म्हणाल. दिसतं, पण उशिरा दिसतं. इंटरनेटवरून येणारं थेट प्रक्षेपण तुकडे तुकडे साठवत येतं, म्हणून ते डिशच्या काही सेकंद मागं असतं. शेजारच्या घरात डिश आणि तुमच्याकडे ॲप असलं, तर विकेट पडल्याचं तुम्हाला भिंतीपलीकडच्या आरोळीवरून कळेल. यानं पैसे वाया जात नाहीत, फक्त आनंद शिळा होतो.

आता वेगाचं. पत्रकावरचे तीनशे आणि पाचशे पाहून घाबरू नका आणि भाळूही नका. सरकारच्या दूरसंचार विभागानं जानेवारी २०२३पर्यंत ५१२ केबीपीएसलाच ‘ब्रॉडबँड’ म्हटलं होतं. मग ते दोन एमबीपीएस केलं. एचडी चित्राला पाचएक एमबीपीएस लागतात. दोन टीव्हींवर दोन सिनेमे, पोरांचे दोन मोबाइल आणि आमच्याशी व्हिडिओ कॉल, सगळं एका वेळी चाललं तरी तीस-चाळीसच्या वर जात नाही. नुसतं ऐकायचं म्हटलं, तर गाडगेबाबांचं १९५६ सालचं वांद्र्याचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. त्याच वर्षी २० डिसेंबरला आपल्या वलगावजवळ पेढीकाठी बाबांनी देह ठेवला. ते कीर्तन ऐकायला अर्धा एमबीपीएससुद्धा जास्त होतो. म्हणून महिन्याला चारशे-पाचशे रुपये अधिक जीएसटी असा सगळ्यात खालचा फायबर प्लॅन घ्या. इकडे घरच्या इंटरनेटला साठ-सत्तर डॉलर मोजणाऱ्यानं हे लिहावं, यातच काय ते आलं. आणि कॉलवर तुम्ही आणि आम्ही एकदमच बोलतो, मग एकदमच ‘बोला, बोला’ म्हणतो, त्यावर महाग प्लॅन हा उपाय नाही. काचेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, मुंबईपासून इथवर सरळ रेघेतच साडेबारा हजार किलोमीटर आहेत, आणि समुद्राखालची केबल सरळ रेघेत येत नाही. हा उशीर पृथ्वीच्या आकाराचा आहे, कंपनीच्या हातचा नाही.

वहिनींचा आक्षेप मला इथूनच ऐकू येतो: “दोन दोन बिलं कोन भरत बसन? एका मानसाले फोन केला की काम झालं पायजे.” बिलाचं सोपं आहे, दोन्ही मोबाइलवरून दोन मिनिटांत भरली जातात. माणसाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. गावातला केबलवाला पोट्टा रात्री नऊ वाजता शिडी घेऊन येतो. कंपनीचा टोल-फ्री नंबर येत नाही. म्हणूनच इंटरनेट त्याच्याकडून घ्या, कारण हाताच्या दुरुस्तीची गरज पडते ती तिथंच. टीव्ही मात्र डिशवर ठेवा. सगळंच त्याच्याकडे दिलं तर तो लग्नाला बाहेरगावी गेला की घर सुतकात. दुसरा आक्षेप, की पॅकेजात सिनेमे-मालिकांची ॲपं फुकट येतात. ती पॅकेज वरच्या दराचं असेल तरच येतात, आणि मुदत संपली की कुठलं ॲप कधी गेलं याचा पत्ता लागत नाही. पाहिजे ते ॲप पाहिजे त्या महिन्यात सुटं घ्यावं. दिवाळीत घेतलं, परीक्षेत बंद केलं.

एकाच संस्थेनं सगळं चोख दिल्याचं उदाहरण नाही असं नाही. टेनेसीतल्या चॅटनूगा शहराच्या स्वतःच्या वीज कंपनीनं २०१०मध्ये आपल्या हद्दीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक गिगाबिटचं इंटरनेट देऊ केलं, तेही विजेच्याच खांबांवरून फायबर नेऊन. वर टीव्ही आणि फोनही देते. पण ती नागरिकांच्या मालकीची आहे, गिऱ्हाईक आणि मालक एकच. महावितरणनं उद्या असं काही काढलं तर मी सल्ला बदलून पत्र लिहीन.

बिनवायरचं ‘एअरफायबर’ही विकायला येतील. २०२३पासून निघालं आहे, गच्चीवर डबा लावला की झालं. वाईट नाही, पण ते टॉवरच्या भरवशावर, आणि टॉवर अख्ख्या गावाचा. घ्यायचंच असेल तर आधी त्याच कंपनीचा फाइव्ह-जी मोबाइल घेऊन रात्री आठ ते दहा गच्चीवर उभं राहून वेग मोजा. दुपारी दोन वाजता मोजलेला वेग विक्रेत्याच्या कामाचा. वर्षाचे पैसे एकदम भरून दोन महिने मोफत घेऊ नका. आधी एक महिना घ्या, पावसाळ्यातला असेल तर उत्तम. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते ही सोय २०११पासून आहे. इंटरनेटला ती नाही. कंपनी बदलली की वायर, डबा, भिंतीतलं भोक सगळं नव्यानं.

भोकावरून आठवलं. प्लास्टर व्हायच्या आत मिस्त्रीला सांगून गच्चीपासून मधल्या खोलीपर्यंत दोन रिकामे पाइप टाकून घ्या, एक डिशचा आणि एक फायबरचा. राउटर मधल्या खोलीत उंचावर ठेवा. आरसीसीच्या भिंती वाय-फाय खातात, आणि तो फाटकाजवळ बसवला तर सगळ्यात चांगलं इंटरनेट रस्त्यावरच्या म्हशींना मिळेल. डिशचं तोंड साधारण दक्षिणेकडेच लागणार. वास्तुशास्त्रवाल्यानं कितीही नाक मुरडलं तरी इलाज नाही, कारण हे उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर आहेत आणि वलगाव त्याच्या उत्तरेला एकवीस अंशांवर. दक्षिणमुखी मारुती चालतो, तर ही का नाही? मात्र दक्षिणेला तो कडुनिंब आहे. डिश बसवणारा आधी तोच तोडायला सांगेल, कारण त्याला शिडी लहान पडते. उपग्रह आपल्याकडे आकाशात बराच वर असतो, म्हणून जिन्याच्या खोलीच्या छतावर डिश नेली की झाड आड येत नाही. लांब शिडी केबलवाल्या पोट्ट्याकडे असतेच, ती मागून घ्या.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमचा धाकटा भाऊ