आमचा टायग्या तसला नाही!

जालना जिल्ह्यात अंबडकडं जा नाहीतर भोकरदनकडं, गल्लीत एखादे तरी टायग्याचे मालक भेटतातच. वय पन्नाशीपुढचं, खांद्यावर उपरणं, बसायला ओटा आणि पायाशी टायग्या. साखळी आहे, पण खुंटीला. बांधलं की कुत्रं चिडकं होतं, असं त्यांचं ठाम मत. म्हणून टायग्या मोकळा आणि शेजारणीच्या कोंबड्या दिवसाढवळ्या डालग्याखाली.

तरी एक दिवस मावशी येतेच. हातात पायाला धरलेली तांबडी कोंबडी, मान लोंबणारी.

"भाऊ, ही तिसरी."

"आमचा तसला नाही, मावशे. बोका असंल. नाहीतर मुंगूस."

बोका मारतो ती बहुधा उचलून पसार होतो. चार-दोन लोळवायच्या, अंगणभर पिसं करायची आणि एकीलाही तोंड न लावता निघून जायचं, हा खेळ कुत्र्याचा. टायग्याच्या मिशीला तांबडं पीस चिकटलेलं असतं. मालक बोलता बोलता ते अंगठ्यानं पुसतात. घाई नाही, गडबड नाही.

मग भरपाईचा विषय. मालक कोंबडी किलोवर मोजतात. मावशी सांगते, खुडूक होती, अकरा अंड्यांवर बसलेली. एकवीस दिवसांतले अठरा भरले होते. म्हणजे बारा जीव गेले. "बाजारात तुरी अन् काय ते तुमचं!" असं म्हणून मालक हसतात.

कायदा मात्र त्यांचा पक्का. कोंडवाड्याचा कायदा 1871 चा. त्यातल्या जनावरांत हत्ती आहे, उंट आहे, डुकरं-शेरडं आहेत, कुत्रं नाही. म्हणजे हत्ती कोंडता येईल, टायग्या नाही. कुणी चिडून भाकरीत औषध घालायचं नाव काढलं, की भारतीय न्याय संहितेचं 325 वं कलम: पाच वर्षांपर्यंत कैद. हे योग्यच आहे. विष हा काही इलाज नव्हे. जनावर न सांभाळणाऱ्यासाठीही 291 वं कलम आहे, सहा महिन्यांपर्यंतचं. पण ते माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापतीची भीती असेल तेव्हाचं. कोंबडीचा जीव त्यात बसत नाही, हेही मालकांना तोंडपाठ.

जुनी माणसं म्हणतात, गळ्यात लोढणं अडकवा. मालकांचा जीव कळवळतो: टायग्याची मान दुखेल ना! मावशी हातातल्या मानेकडं बघत राहते.

जाता जाता मालक मोठ्या मनानं सांगतात, "आता मेलीच आहे, वाया घालू नका. वाटीभर रस्सा धाडा. अन् हाडं टाकू नका, टायग्याला होतील."

जालन्याच्या भट्ट्या लोखंड वितळवतात, इथल्या सळया लांबलांबच्या इमारतींत जातात. कुत्र्याची साधी साखळी आजही गावरान कोंबडीपेक्षा स्वस्त मिळते.