पन्नास तासांत चित्रपट : होतकरू उमेदवारांस सूचना

सन 2001 मध्ये वॉशिंग्टन शहरी अठ्ठेचाळीस तासांत लघुचित्रपट सिद्ध करण्याची जी स्पर्धा निघाली, तिचा एक फाटा यथाकाल मुंबईस पोहोचला. 2011 मध्ये सुरू झालेल्या इंडिया फिल्म प्रोजेक्टने मात्र उदार अंतःकरणाने मुदत पन्नास तासांची केली. या दोन तासांच्या वाढीने जालना जिल्ह्यातील उमेदवाराने हुरळून जाऊ नये. ज्या मुलखात अर्जापासून पीकविम्यापर्यंत प्रत्येक गोष्टीस मुदतवाढ मिळेल, या श्रद्धेवर पिढ्या पोसल्या, तेथील मनुष्यास ही मुदत खरोखरीच मुदत आहे हे पटण्यातच पहिली रात्र खर्ची पडते.

विषय जाहीर होताच इतिहासाच्या मोहात पडू नये. 23 सप्टेंबर 1803 रोजी जिल्ह्यातील असई येथे इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी दिलेली लढाई एका दिवसात आटोपली हे खरे. तथापि तीस लागणारे हत्ती आणि तोफा शुक्रवारी रात्री मुक्रर करता येत नाहीत. तसेच, 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी दिवसामागून दिवस एकेक चित्र टिपून वाटाण्याचे रोप पडद्यावर क्षणार्धात वाढविले, हा दाखला, ज्या जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी काढली त्या बियाण्यांच्या शहरात, कोणीतरी हटकून काढील. त्यास सौम्यपणे सांगावे की पन्नास तासांत वाटाणा उत्तम भिजतो.

पात्रे दोनच असावीत. ज्या मामांची मोटारसायकल चित्रीकरणास घेतली त्यांस भूमिका द्यावी लागतेच. ती मुकी द्यावी. मामांचा आवाज वाईट असतो असे नव्हे, परंतु प्रत्येक वाक्यानंतर ते कॅमेऱ्याकडे पाहून ‘बरं झालं का?’ असे विचारतात, आणि हे वाक्य संकलनात कापता कापता पहाट होते.

पात्राच्या हाती मोसंबे देण्याचा विचार प्रत्येकास सुचतो, कारण जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन आहे व ती घरात आयती असते. परंतु सोललेले मोसंबे प्रत्येक पुनर्चित्रणास नव्याने, पहिल्याइतकेच सोललेले हजर करावे लागते, आणि सहाव्या खेपेस नायकाच्या चेहऱ्यावरचे विरहदुःख अस्सल असले तरी त्याचे कारण निराळे असते.

जालन्याच्या मोती तलावाच्या काठी सूर्यास्त टिपण्याची तजवीज करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे की सूर्य दुसरी संधी चोवीस तासांनी देतो. ध्वनीचे तर नावच काढू नये. ऐन प्रेमसंवादात शेजारच्या गिरणीचा पट्टा चालू झाल्यास नायक गिरणीवाला आहे असे कथेत तत्काळ दुरुस्त करून घ्यावे.

अखेरचे तीन तास संगणकापुढे बसलेल्या मुलास चहाखेरीज काही देऊ नये, विशेषतः सल्ला. वीज जाईल हे गृहीत धरून ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याच्याशी आठवडाभर आधीपासून गोड बोलावे.

श्रेयनामावलीस त्या अठ्ठेचाळीस तासांच्या अमेरिकी स्पर्धेच्या नियमांत साठ सेकंदांची निराळी सवलत आहे. ‘विशेष आभार’ या सदराखाली सर्व काका, आत्या, इन्व्हर्टरचे मालक व गिरणीवाले एवढ्या अवधीत बसत नाहीत. तेव्हा अक्षरे बारीक करावीत, पण मामांचे नाव ठळक ठेवावे, कारण मोटारसायकल अजून परत करावयाची आहे.