शीळफाट्याचे तेलधोरण

देशातले तेल देशाला पुरेल का, याचा निकाल शीळफाट्यावर रोज संध्याकाळी लागतो. महापे, मुंब्रा, कल्याण अशा तिन्ही अंगांनी आलेले कंटेनर, रिक्षा, बस आणि मोटारी एकमेकांना वाट न देण्याच्या तत्त्वावर ठाम उभ्या असतात; इंजिने मात्र तेल जाळत चालू! १९७४ साली तेलविहिरी खोदणाऱ्या ‘सागरसम्राट’ला मुंबईजवळच्या समुद्रात, मुंबई हायमध्ये तेल लागले, तेव्हा स्वयंपूर्णता दारात आल्यासारखे वाटले होते. मग २०१५ साली ठरले, की ७७ टक्के असलेले तेल-आयातीवरचे अवलंबित्व २०२२ पर्यंत ६७ वर आणायचे. ते ८५ च्या वर गेले. (लक्ष्याइतकेच अंतर जवळजवळ कापले, फक्त उलट्या दिशेने.) तेव्हा मायबाप सरकार, समुद्रात नवी विहीर खोदण्याआधी एवढा फाटा तरी मोकळा करा.